गार्सिया द ओर्ता : मुंबई बेटाचा यहुदी खोत

आपण ज्या मुलखांत जन्मतों व वाढतों, त्याचें जुनें वर्णन कोणीं लिहून ठेविलें आहे, ह्याची चौकशी आपल्याकडे सहसा होत नाहीं. तह आणि लढाया ह्यांच्या तारखा शाळेंत पाठ होतात; पण तहाच्या एका कलमानें जो मुलूख दुसऱ्याच्या पदरांत पडला, तेथें त्या काळीं कोण राहत होतें, काय पिकवीत होतें, कोणत्या आजाराला काय म्हणत होतें, हें विचारणारा विरळा. ठाणें-वसईच्या प्रांताविषयीं हें सर्व विचारणारा, आणि विचारून लिहून ठेवणारा, एक मनुष्य सोळाव्या शतकांत होऊन गेला. तो धंद्यानें वैद्य होता, हौसेनें वनस्पतींचा अभ्यासक होता, संसारासाठीं व्यापारी होता आणि सरकारी कराराच्या बळावर मुंबई बेटाचा खोत होता. कुळानें तो यहुदी होता. आणि ही शेवटची गोष्ट मात्र त्यानें आपल्या ग्रंथांत कोठेंहि येऊं दिली नाहीं. त्याचें नांव गार्सिया द ओर्ता. त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें. कारण आपल्या किनाऱ्यावर परक्यांचें राज्य प्रथम कोणत्या स्वरूपांत आलें, हें राजेरजवाड्यांच्या बखरींपेक्षां ह्या एका व्यापाऱ्याच्या आयुष्यांत अधिक स्पष्ट दिसतें.

ओर्ताची कथा त्याच्या जन्मापूर्वींच सुरू होते. १४९२ सालीं स्पेनचे राजाराणी फर्डिनंड व इझाबेला ह्यांनीं आपल्या राज्यांतील यहुद्यांस दोनच पर्याय ठेविले : बाप्तिस्मा घ्या, नाहीं तर देश सोडा. हजारों कुटुंबें शेजारच्या पोर्तुगालांत गेलीं. त्यांत ओर्ताचे आईबाप होते. परंतु ज्या छपराखालीं आसरा घेतला तेंच पांच वर्षांत कोसळलें. १४९७ त पोर्तुगालच्या मनुएल राजानें यहुद्यांस देशाबाहेरहि जाऊं दिलें नाहीं. त्यांस बळानें ख्रिस्ती करून घेतलें. तेव्हांपासून ह्या लोकांस 'नवे ख्रिस्ती' असें नांव पडलें. आजोबांचा धर्म घराच्या माजघरांत आणि राजाचा धर्म घराच्या ओट्यावर, अशा दुहेरी जगण्याची संवय त्यांच्या पुढच्या पिढ्यांस लागली. अशा एका व्यापाऱ्याच्या घरीं १५०१ च्या सुमारास कास्तेलु द व्हीद ह्या सरहद्दीवरच्या गांवीं गार्सियाचा जन्म झाला.

मुलगा बुद्धिमान् निघाला. स्पेनमधील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत तो शिकला, १५२६ त त्यास वैद्यकीचा परवाना मिळाला, आणि पुढें लिस्बनच्या विद्यापीठांत तो अध्यापक झाला. मानमरातबाची जागा मिळाली होती. पण पायांखालची जमीन स्थिर नव्हती. स्पेनप्रमाणें पोर्तुगालांतहि धर्मन्यायालय स्थापण्याच्या हालचाली सुरू होत्या, आणि नव्या ख्रिस्त्यांस देश सोडून जाण्याची मनाई झाली होती. ह्या कात्रींतून ओर्ता सुटला तो एका सरदाराचा वैद्य ह्या नात्यानें. मार्तिम अफोन्सु द सौझा हा आरमाराचा अधिकारी हिंदुस्थानांत निघाला होता. त्याच्या गलबतांतून १२ मार्च १५३४ रोजीं ओर्तानें लिस्बन सोडलें आणि सप्टेंबरांत तो गोव्यास उतरला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १५३६ त, पोर्तुगालांत धर्मन्यायालय, ज्यास आपण 'इन्क्विझिशन' म्हणतों, तें सुरू झालें. ओर्ता पुन्हां कधीं मायदेशीं परतला नाहीं.

ज्या वर्षीं तो आला तेंच वर्ष ठाण्याच्या इतिहासांत मोठ्या फिरवाफिरवीचें ठरलें. गुजराथचा सुलतान बहादुरशहा हुमायुनाच्या स्वारीच्या धास्तीनें पोर्तुगीजांच्या मैत्रीकडे वळला, आणि १५३४ च्या डिसेंबरांत त्यानें वसई व तिच्याबरोबर साष्टी, ठाणें, मुंबई हा सर्व खाडीकांठचा मुलूख त्यांस तोडून दिला. ठाणें तेव्हां लहानसें खेडें नव्हतें. तें कापड विणणाऱ्यांचें व व्यापाऱ्यांचें जुनें शहर होतें, आणि मार्को पोलोच्या काळापासून परदेशच्या प्रवाशांस त्याचें नांव ठाऊक होतें. तहाच्या एका कागदानें ह्या सगळ्या वस्तीचा धनी बदलला. ओर्ता सौझाच्या आरमाराबरोबर ह्याच किनाऱ्यानें फिरत होता. घारापुरीचें लेणें आपण १५३४ सालीं पाहिलें, असें त्यानेंच पुढें लिहिलें आहे. बेटाचें नांव तो 'पोरी' असें देतो. पोर्तुगीजांनीं पाडलेलें हत्तीचें नांव पुढें रूढ झालें, पण ह्या पाहुण्यानें कोळ्यांच्या तोंडचें नांव टिपून ठेविलें. लेण्यांत गुरें शिरून तें खराब होत आहे, ह्याची खंतहि त्यानें नोंदविली आहे. साष्टींतील कान्हेरीचें लेणें व तेथील खोल्या आणि पाण्याची योजना ह्यांचाहि त्यानें उल्लेख केला आहे.

आरमाराच्या मोहिमा संपल्यावर ओर्ता गोव्यांत स्थाईक झाला. राजधानींतील बड्या अधिकाऱ्यांचा तो वैद्य झाला. त्याच्या वैद्यकीची कीर्ति घाटावरहि गेली. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा ह्यानें त्यास वारंवार बोलावून नेलें, त्याच्याशीं स्नेह जोडला, आणि आपल्याजवळ राहण्यासाठीं मोठ्या मिळकतीचें आमिषहि दाखविलें. पण ओर्ता गोव्यासच राहिला. केवळ नाडी पाहून तो श्रीमंत झाला नाहीं. त्या काळच्या गोव्यांत वैद्य, कारकून, शिपाई, फार काय पाद्रीहि व्यापार करीत. ओर्ता मसाले, औषधी द्रव्यें व रत्नें ह्यांचा व्यापार करी. त्याचें स्वतःचें गलबत होतें. बंदरोबंदरीं त्याचे ओळखीचे लोक होते. लंकेची दालचिनी, मलबारची मिरी, खंबायताहून येणारा अकीक, विजापूर-विजयनगरच्या बाजूचे हिरे, ह्या सर्वांचे भाव आणि लबाड्या त्यास ठाऊक होत्या. एका दृष्टीनें त्याचा ग्रंथ म्हणजे वैद्याच्या वहींत व्यापाऱ्यानें घातलेली भर आहे. औषध कोणत्या झाडाचें एवढेंच सांगून तो थांबत नाहीं. तें कोठून निघतें, कोठें विकतें आणि त्यांत भेसळ कशाची होते, हेंहि तो सांगतो.

मुंबई बेट त्याच्याकडे आलें तें १५५४ च्या सुमारास. पोर्तुगीज सरकारची रीत अशी होती, कीं दरवर्षीं ठरलेली रक्कम भरण्याच्या बोलीनें गांवेंच्या गांवें एखाद्या पोर्तुगीजास लावून द्यावीं. आपल्या कोंकणांतील खोतीशीं तिचें पुष्कळ साम्य आहे, म्हणून आम्हीं ओर्ताला खोत म्हटलें. हल्लींच्या मुंबईच्या भावांत वाचकांनीं त्या खोतीची किंमत करूं नये. तेव्हांची मुंबई म्हणजे भरतीच्या पाण्यानें एकमेकांपासून तुटणारीं बेटें, त्यांवर माडाच्या वाड्या, भाताचीं खाचरें, आगरी-भंडाऱ्यांचीं घरें आणि कोळीवाडे. वसईपुढें तिला महत्त्व नव्हतें, आणि ठाण्याच्या मानानेंहि ती ओसाडच. ओर्ता तेथें कायमचा राहिलाहि नाहीं. त्याच्या वतीनें माणसें वहिवाट पाहत. त्याच्या ग्रंथांतील आंब्याच्या प्रकरणांत एक गोड प्रसंग आहे. गोव्याच्या घरीं गप्पा चालल्या असतां सिमांव तोस्कानु हा मुंबईकडचा त्याचा माणूस आंब्यांची करंडी घेऊन येतो. ते आंबे गव्हर्नराला नजर करावयाचे असतात. तेथेंच ओर्ता अभिमानानें सांगतो, कीं मुंबईंत माझें एक आंब्याचें झाड वर्षांतून दोनदां फळतें. चारशें वर्षांपूर्वींचा हा खोत आपल्या झाडाची बढाई मारतांना अगदीं कोंकणांतला वाटतो!

पुढें जेथें इंग्रजांचा किल्ला उभा राहिला, त्या जागेवरील जुना पोर्तुगीज वाडा मूळचा ओर्ताचा, अशी मुंबईच्या इतिहासलेखकांत परंपरा आहे. १६६५ च्या फेब्रुवारींत मुंबई इंग्रजांच्या हवालीं झाली, ती ह्याच वाड्यांत. परंपरा खरी धरली, तर ज्या ओसरीवर एका यहुद्यानें पोर्तुगीज राजाची खोती पाहिली, तीवरच ब्रिटिश साम्राज्याच्या एका मोठ्या शहराचा पहिला कागद झाला म्हणावयाचा.

परंतु ओर्ताचें नांव राहिलें तें खोतीमुळें नव्हे, ग्रंथामुळें. हिंदुस्थानांत छापखाना १५५६ त गोव्यास आला. त्यानंतर सातच वर्षांनीं, १० एप्रिल १५६३ रोजीं, ओर्ताचे 'हिंदुस्थानांतील वनस्पति व औषधें ह्यांविषयींचे संवाद' गोव्यास छापून निघाले. ग्रंथ विद्वानांच्या लॅटिनमध्यें नसून पोर्तुगीज भाषेंत आहे. कामोंइश हा पोर्तुगीजांचा महाकवि तेव्हां हिंदुस्थानांतच होता; त्याची छापून निघालेली पहिली कविता ती ह्याच ग्रंथाच्या आरंभीं. संवाद एकंदर ५९. रुआनु नांवाचा, नुकताच युरोपांतून आलेला एक काल्पनिक वैद्य प्रश्न करतो आणि ओर्ता उत्तरें देतो. रुआनु प्रत्येक ठिकाणीं ग्रीक, रोमन व अरब ग्रंथकारांचा हवाला देतो. ओर्ता म्हणतो, त्यांनीं ऐकून लिहिलें, मीं झाड डोळ्यांनीं पाहिलें आहे. जुन्या ग्रंथांच्या दडपणाखालीं युरोपांतील वैद्यक दबलें असतां, गोव्याच्या एका घरांत बसून एक मनुष्य सांगत होता, कीं पुस्तक आणि डोळा ह्यांत तंटा पडला तर डोळ्याचें ऐकावें.

मराठी वाचकांस त्या ग्रंथांत पदोपदीं ओळखीचीं माणसें भेटतात. मालुपा नांवाचा हिंदु वैद्य त्यांत बोलतो, आणि अनेक रोगांवर इकडच्या वैद्यांची चिकित्सा ओर्ता मोकळेपणानें मान्य करतो. फणसास इकडे काय म्हणतात, करवंदांचें लोणचें कसें घालतात, आंबाड्यांचा उपयोग काय, हें तो लिहितो. पारिजातकास पोर्तुगीजांनीं 'दुःखी वृक्ष' असें नांव दिलें होतें. त्याचीं फुलें सूर्य उगवतांच कां गळतात, ह्याची लोककथा त्यानें इकडच्या लोकांपासून ऐकून सांगितली आहे : सूर्यावर भाळलेली राजकन्या, त्यानें केलेला त्याग, आणि तिच्या राखेंतून उगवलेलें झाड. पटकीच्या रोगाचें त्यानें केलेलें वर्णन युरोपीय वैद्यकांतील फार जुन्या वर्णनांत मोडतें. त्या रोगाचें देशी नांव तो 'मोर्शी' असें देतो, आणि पोर्तुगीज लोक त्याचा अपभ्रंश करतात असेंहि सांगतो. आपला 'मोडशी' हा शब्द तो हाच. पुढें फ्रेंचांनीं ह्या अपभ्रंशाचा आणखी अपभ्रंश करून त्याचा अर्थ 'कुत्र्याचें मरण' असा लावला. आपल्या आजीबाईंच्या बटव्यांतला एक शब्द असा जगभर फिरून आला.

ह्याच ग्रंथांत वसई-साष्टीकडील लोकांचें एक छोटेंसें वर्णन आहे. कुणबी शेत करतो, माळी बाग राखतो, परभू सरकारी वसूल आणि लेखणी सांभाळतो, असें सांगून ओर्ता तेथील दुकानदारी करणाऱ्या पारशी लोकांकडे वळतो. पोर्तुगीज लोक ह्या पारशांस यहुदी म्हणत. ओर्ता म्हणतो, हे यहुदी नव्हत. हे इराणांतून आलेले निराळ्या धर्माचे लोक आहेत, ह्यांची सुंता होत नाहीं, आणि ह्यांचे खाण्यापिण्याचे निर्बंधहि निराळे आहेत.

वाचकांनीं ह्या वाक्यापाशीं क्षणभर थांबावें. ठाणें-वसईच्या बाजारांत यहुदी कोण आणि यहुदी कोण नव्हे, हें खात्रीनें सांगणारा हा मनुष्य स्वतः कोण होता? हें ज्ञान त्यास कोठून आलें, असें विचारण्याचें वाचणाऱ्या एकाहि अधिकाऱ्यास सुचलें नाहीं. ज्या ग्रंथांत मुंगीएवढी गोष्टहि पारखल्याशिवाय लिहिली नाहीं, त्यांत लेखकानें आपल्या घराविषयीं तेवढें मौन पाळलें आहे. डोळ्यांनीं पाहिलेलें बोलावें, हा त्याचा बाणा. पण माजघरांत जें पाहिलें होतें तें बोलण्याची सोय नव्हती.

कारण ज्या संकटापासून तो पळाला होता तें समुद्र ओलांडून त्याच्या मागोमाग आलें. १५४७ त त्याच्या बहिणींस लिस्बनच्या धर्मन्यायालयानें धरलें होतें. सुटका झाल्यावर १५४९ त त्याची आई व बहिणी गोव्यास त्याच्या आश्रयास आल्या. अकरा वर्षांनीं, १५६० त, गोव्यासच धर्मन्यायालय बसलें. ओर्ताचा ग्रंथ त्यानंतर तीन वर्षांचा आहे. विद्वत्ता, पैसा आणि ज्यांची नाडी त्यानें पाहिली होती त्या बड्या लोकांचा आश्रय, ह्या तीन भिंतींआड तो राहिला, असें मानावें लागतें. १५६८ त तो अंथरुणावर मेला. भिंत पडली ती त्यानंतर. त्याची बहीण कातारिना हिला धरण्यांत आलें, आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजीं यहुदी धर्म न सोडल्याबद्दल गोव्यांत तिला जिवंत जाळण्यांत आलें. घरच्या माणसांच्या जबान्यांतून बाहेर पडलें, कीं गार्सियाहि अंतर्यामीं मोशेचें धर्मशास्त्रच मानीत होता. मेलेल्या माणसासहि त्या न्यायालयांत आरोपी करतां येई. १५८० त त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून काढलीं आणि तीं समारंभानें जाळलीं.

त्याचा ग्रंथ मात्र जाळण्याच्या पलीकडे गेला होता. क्लुसियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १५६७ तच अँटवर्पला त्याचा लॅटिन सारांश छापला होता, आणि युरोपांतील वैद्य त्यावरून हिंदुस्थानच्या औषधींची माहिती घेत होते. ओर्ताच्या आयुष्याचा शेवटला अध्याय तेवढा कागदपत्रांत गाडला गेला होता. तो पोर्तुगालच्या दप्तरांतून १९३४ त उजेडांत आला.

हें सर्व वाचून ओर्ताविषयीं केवळ कणव वाटून चालणार नाहीं. इतिहासास दोन डोळे असावे लागतात. ज्या सत्तेनें त्याच्या बहिणीस जाळलें त्याच सत्तेच्या बळावर तो मुंबईचा वसूल खात होता. त्याच्या घरीं गुलाम राबत होते. संवादांत हांक मारतांच येणारी आंतोनिया ही त्यांपैकींच एक. मुंबईच्या कोळ्यांस व कुणब्यांस, तुम्हांला खोत कोण हवा, असें कोणीं विचारलें नव्हतें. एका देशांतून हांकललेला मनुष्य दुसऱ्या देशांत हांकलणाऱ्यांच्याच तांड्याबरोबर येतो, त्यांच्या छत्राखालीं धनी होतो, आणि त्या छत्राची काठी केव्हां आपल्याच पाठींत बसेल ह्या धाकांत जगतो. वसाहतींच्या इतिहासांत अशीं माणसें पुष्कळ. तीं जुलूम करणारांत मोडतात कीं जुलूम सोसणारांत, ह्याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं.

आणि तरीहि ह्या कथेंत आपल्या दृष्टीनें सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. मुंबई बेटाचा खोत आपला धर्म उराशीं लपवून बसला होता, त्याच काळीं बंदराच्या पलीकडे, अलिबागकडील खेड्यांत, दुसरे यहुदी राहत होते. फुटलेल्या गलबतांतून सात पुरुष व सात स्त्रिया नवगांवच्या किनाऱ्यास लागल्या आणि त्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा. ते स्वतःस बेने इस्राएल म्हणवीत. मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, गांवावरून आडनांवें लावीत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गांवकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. ज्या एका गोष्टीचा वास लागतांच गोव्यांत मनुष्यास चौकशीला उभें राहावें लागे, तीच गोष्ट आपल्या खेड्यांत एका जातीचें साधें नांव झाली होती!

ह्यावरून आपण फुशारून जावें, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. गांवानें त्यांस राहूं दिलें तें जातींच्या उतरंडींत एक जागा नेमून देऊन; बरोबरीनें नव्हे. शिवाय जगांतील इतर यहुद्यांपासून तुटल्यामुळें त्यांची हिब्रू विद्या लोपली होती. 'शमा' ही प्रार्थना, आठव्या दिवशींची सुंता, शब्बाथ व खाण्याचे कांहीं नियम एवढेंच हातीं राहिलें होतें. ओर्ताजवळ विद्या होती, पण ती बोलावयास मोकळीक नव्हती. ह्यांजवळ मोकळीक होती, पण विद्या उरली नव्हती. तरी दोहोंपैकीं कोणतें झाड टिकलें, हें उघड आहे. ओर्ताच्या यहुदीपणाचा ह्या किनाऱ्यावर मागमूस राहिला नाहीं. शनवार तेल्यांचे वंशज पुढें पलटणींत, कचेऱ्यांत, शाळांत व छापखान्यांत गेले. १७९६ त समाजी हसाजी दिवेकर ह्यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. आणि आपल्या धर्मकथा त्यांनीं मराठी कीर्तनांतून गाइल्या.

ठाण्यावरचा पोर्तुगीज अंमल १७३७ त मराठ्यांनीं उठविला. १७३९ त चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. १७७४ त ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, १८७९ त, ठाण्यांत टेंभी नाक्याकडे बेने इस्राएलांनीं आपलें प्रार्थनामंदिर उभारलें. त्याचें नांव 'शआर हशामाईम', म्हणजे स्वर्गाचें द्वार. १९४८ नंतर त्या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तरी तें मंदिर अजून उभें आहे, व शब्बाथाची प्रार्थना तेथें उघड्या दारानें होते.

ज्या मुलखाच्या झाडांस, रोगांस व माणसांस गार्सिया द ओर्तानें प्रेमानें त्यांच्या खऱ्या नांवानें हांक मारली, त्या मुलखांत त्यास स्वतःच्या खऱ्या नांवानें जगतां आलें नाहीं. एखाद्या राज्याची पारख करावयाची तर त्याचे किल्ले व आरमार मोजण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : त्या राज्यांत मनुष्यास आपल्या माजघरांतली गोष्ट ओट्यावर येऊन सांगतां येत होती काय?